अमेरिकन पगाराची मोहिनी

अमेरिकेचे दरडोई उत्पन्न युरोपीय संघाच्या दुप्पट झाले, हा आकडा भांडवलशाहीच्या भाटांच्या तोंडी सध्या अखंड घोळतो आहे. 2023 साली हे उत्पन्न अमेरिकेत 82 हजार डॉलरच्या घरात होते, युरोपीय संघात 41 हजारांच्या आसपास. त्यावरून निष्कर्ष काढला जातो तो असा : कामगारांचे कायदे, बलिष्ठ संघटना आणि सढळ समाजकल्याण यांनी युरोपला पांगळे केले, मालकाला मोकळीक देणारी अमेरिका मात्र पुढे निघून गेली. आकडा खरा आहे. निष्कर्षाची मात्र कसून तपासणी झाली पाहिजे.

प्रथम किमतींचा विचार करावा. चलनाच्या बाजारभावाने केलेली तुलना डॉलर चढला की आपोआप फुगते. खरेदीशक्तीच्या मापाने मोजले तर युरोप सुमारे एक-चतुर्थांशाने मागे राहतो. हे अंतरही क्षुल्लक नाही आणि अमेरिकेची अलीकडील उत्पादकतावाढ नाकारण्याचे कारण नाही. परंतु या अंतराचा मोठा भाग श्रमाच्या तासांत दडलेला आहे. अमेरिकन कामगार वर्षाला सरासरी सुमारे 1,800 तास राबतो, जर्मन कामगार सुमारे 1,340. जर्मनीत अर्धवेळ काम करणाऱ्यांचे, विशेषतः स्त्रियांचे, प्रमाण मोठे आहे हे खरे. पण आठ तासांचा दिवस धरला तर हा फरक 57 दिवसांचा होतो आणि तो केवळ अर्धवेळ कामाने भरून निघत नाही. फ्रान्समध्ये 1936 साली लिओं ब्लूम यांच्या सरकारच्या काळात मिळालेली दोन आठवड्यांची भरपगारी रजा 1982 साली पाच आठवड्यांवर गेली. 1993 च्या निर्देशाने युरोपीय संघात किमान चार आठवड्यांची रजा हा हक्क ठरला. अमेरिकेत खाजगी नोकरांना भरपगारी वार्षिक रजा देणारा केंद्रीय कायदा आजही नाही. तेथे बाळंतपणासाठी 1993 च्या कायद्याने मिळणारी 12 आठवड्यांची रजा बिनपगारी आहे आणि 50 हून कमी कामगार असलेल्या खाजगी मालकांना तो कायदा लागूच नाही. मुलाबाळांत घालवलेला दिवस राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात शून्य ठरतो. म्हणून तो जीवनमानातही शून्य ठरत नाही.

दुसरा प्रश्न सरासरीचा. 1980 च्या सुमारास अमेरिका आणि पश्चिम युरोप या दोन्ही ठिकाणी सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे 10 टक्के वाटा जात होता. 2016 पर्यंत पश्चिम युरोपात तो 12 टक्क्यांवर गेला, अमेरिकेत 20 टक्क्यांवर. अब्जाधीश आणि झाडूवाला यांची सरासरी काढून झाडूवाल्याच्या घरी चूल पेटत नाही. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन 2009 साली ताशी 7.25 डॉलर ठरले आणि तेथेच गोठले. अनेक राज्यांनी आपापले दर वाढवले, तरी टेक्साससारख्या अवाढव्य राज्यात तोच दर चालत आला आहे. जर्मनीने 2015 साली 8.50 युरोने सुरुवात केली आणि 2025 च्या जानेवारीत तो दर 12.82 युरोवर नेला.

शिवाय हाती आलेल्या पगारातून अमेरिकन कामगाराला काय काय विकत घ्यावे लागते, हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे 17 टक्के भाग आरोग्यावर खर्च करूनही 2023 साली तेथे अडीच कोटींहून अधिक लोक विम्यावाचून होते आणि सरासरी आयुर्मान युरोपीय संघाच्या तुलनेत तीन वर्षांनी कमी होते. असंख्य कुटुंबांचा विमा नोकरीशी बांधलेला असल्याने नोकरी गेली की औषधपाणीही धोक्यात येते. 2020 च्या एप्रिलमध्ये महामारीच्या तडाख्यात अमेरिकेतील बेकारी 14 टक्क्यांच्या वर उसळली. जर्मनीत त्याच काळात सुमारे 60 लाख कामगारांना कमी तासांच्या सरकारी योजनेने नोकरीत टिकवून धरले.

हा फरक युरोपीय भांडवलदारांच्या दयाबुद्धीतून आलेला नाही. डेन्मार्कचे उदाहरण पाहावे. तेथे किमान वेतनाचा कायदाच नाही. मॅकडोनल्ड्स कंपनी 1981 साली तेथे आली आणि सामुदायिक करार मानावयास तयार होईना. दशकाच्या अखेरीस इतर कामगार संघटना सहानुभूतीच्या संपात उतरल्या. गोदी कामगारांनी तिचा माल उतरवला नाही, मालमोटारचालकांनी वाहिला नाही, मुद्रण कामगारांनी तिच्या जाहिराती जुळवल्या नाहीत. अखेर 1989 साली कंपनीने करार स्वीकारला. अमेरिकेत असे सहकार्य करावयाचे म्हटले तर 1947 चा टॅफ्ट-हार्टली कायदा आडवा येतो. 1950 च्या दशकाच्या मध्यास सुमारे एक-तृतीयांश अमेरिकन कामगार संघटित होते; 2024 साली हे प्रमाण 10 टक्क्यांच्याही खाली उतरले. वेतनाच्या इतिहासाचे मर्म येथे आहे.

युरोप म्हणजे नंदनवन, असा भ्रम कोणी बाळगू नये. 2012 साली धनकोंच्या दडपणाखाली ग्रीसचे किमान वेतन 22 टक्क्यांनी कापले गेले. कपातीने रोजगार वाढतो, असे तेव्हा सांगण्यात आले होते. पुढच्याच वर्षी तेथील बेकारी 27 टक्क्यांच्या वर होती. जर्मनीनेही हार्ट्झ सुधारणांच्या नावाखाली अल्पवेतनी नोकऱ्यांचे पीक काढले आणि अखेर तिला किमान वेतनाच्या कायद्याकडे वळावे लागले.

या वादाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला 70 तास कामाचा उपदेश केला आणि महायुद्धोत्तर जर्मनीचा दाखला दिला. आज जगात सर्वांत कमी तास काम करणाऱ्यांत तोच जर्मन कामगार मोडतो, हे मात्र सांगावयाचे राहून गेले. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास संमती दिली. अमेरिकेच्या समृद्धीचे पोवाडे येथे कशासाठी गायिले जातात, हे त्यावरून उमगावे. कार्यकर्त्यांनी कारखान्यांच्या दारांशी हा हिशेब मांडला पाहिजे : पगार किती, त्यासाठी तास किती, आणि आजारपण आले तर हाती उरते किती? या तीन प्रश्नांची उत्तरे एकत्र मागणारा कामगार दरडोई उत्पन्नाच्या आकड्याने भुलणार नाही.