घड्याळाच्या उलट

निसर्गाची ओढ माणसाला उपजतच असते, असं शाळेच्या निबंधात लिहून आपण सगळ्यांनी दहापैकी सहा गुण मिळवले आहेत. खरी ओढ असते ती निसर्गात बसून पुरी-भाजी खाण्याची. घरी खाल्ली तर पुरी तेलकट, दरीत खाल्ली तर सहल! पुरी-भाजीशी माझं काही वाकडं नाही. माझं भांडण आहे ते कचारगडाची सहल काढणाऱ्यांशी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात हे ठिकाण आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावर दरेकसा नावाचं लहानसं स्टेशन लागतं; पुढे बोगदा आणि मग छत्तीसगड. त्या अंगाला धनेगाव. तिथून डोंगर चढायचा. साग, बांबू, मोह, तेंदू अशी झाडी. पावसाळा सरता सरता दरी इतकी हिरवी होते की कोकणातला पाहुणासुद्धा दोन मिनिटं गप्प बसतो. (दोनच. तिसऱ्या मिनिटाला तो 'आमच्याकडे' म्हणून सुरू होतो.) आणि वर डोंगराच्या पोटात प्रचंड नैसर्गिक गुहा.

प्रचंड म्हणजे किती, हा आपला पहिला प्रश्न. उत्तर तयार असतं : 'आशिया खंडातली सर्वांत मोठी!' बँकेत पन्नास रुपयांचं व्हाउचर दोन सह्यांशिवाय पास होत नाही आणि इथे अख्खा आशिया बिनसहीचा पास! व्हिएतनाममधली सोन डूंग गुहा जगात सर्वांत मोठी मानली जाते, आणि व्हिएतनाम माझ्या माहितीप्रमाणे अजून आशियातच आहे. पण मोठी नसली तर बिघडलं काय? आपल्या आजीला नमस्कार करताना ती तालुक्यातली सर्वांत उंच आजी आहे का, असं आपण विचारतो काय?

दुसरा प्रश्न, 'जाऊन परत त्याच वाटेनं यायचं?' मध्यमवर्गीय माणसाला त्याच वाटेनं परत येणं म्हणजे बसचं तिकीट दोनदा काढल्यासारखं वाटतं. त्याला गोल फेरी हवी. एका वाटेनं चढायचं, दुसरीनं उतरायचं, वाटेत हाजरा फॉलखाली भिजायचं, डोंगरगडला बम्लेश्वरीचं दर्शन उरकायचं आणि रात्री जेवायला घरी. सकाळी सहा ते रात्री नऊ, तीन स्पॉट. आमचे एक सहकारी असा कार्यक्रम मिनिटांसकट कागदावर आखतात. त्यांच्या कागदावर गुहेला चाळीस मिनिटं होती, त्यातली पंधरा नाश्त्याला.

आता ज्या गुहेत हा नाश्ता चालतो ती कोणाची, ते ऐका. गोंड समाजाच्या कोया पुनेम धर्माचं हे उगमस्थान. कथेची रूपं अनेक आहेत, पण गाभा असा : माता काली कंकालीची तेहेतीस मुलं, रायताड जंगोनं सांभाळलेली, भारी दांडगट. शंभूनं त्यांना या गुहेत कोंडलं आणि तोंडाशी शिळा लावली. पारी कुपार लिंगोनं त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकानं असं काही वाजवलं की त्या बळावर शिळा हलली. मुलं सुटली आणि शिळेखाली हिरासुका गेला. पुढे त्याच मुलांनी लिंगोची शिकवण रानोमाळ नेली. दर माघ पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून लाखो माणसं इथे येतात, 'जय सेवा' म्हणत डोंगर चढतात.

थोडक्यात, जिथे एका वादकानं संगीतापायी जीव दिला, तिथे आपण ब्लूटूथचा डबा घेऊन जातो आणि सिनेमाचं गाणं लावतो. वर 'ओ' देऊन प्रतिध्वनी येतो का पाहतो. आत वटवाघळं बिचारी दिवसपाळीची झोप घेत असतात, त्यांनाही सहलीत सामील व्हावं लागतं. असा एखादा चाळीस जणांचा गट दिसला की शंभूची पद्धत मला मनापासून पटू लागते. पण शिळा मिळायची कुठून?

गोल फिरण्याला माझा विरोध असण्याचं कारणच नाही. आपल्याकडे गोल वाटेचं जुनं नाव प्रदक्षिणा आहे. पण प्रदक्षिणेत कोणी चिवड्याची पिशवी फोडत नाही, आणि खांबावर बदामात बाण काढून आपलं नाव कोरत नाही. गल्लीतल्या हातभर देवळापाशी आपल्या चपला आपोआप निघतात. डोंगराएवढ्या देवळात मात्र आपल्याला देऊळच दिसत नाही, कारण कळस नाही, घंटा नाही आणि पावतीपुस्तक घेऊन बसलेला माणूस नाही! शिवाय गोंडांचे फेरे उजवीकडून डावीकडे, घड्याळाच्या उलट. आपण पडलो घड्याळाबरोबर चालणारे. चाळीस मिनिटं झाली की शिटी.

'आदिवासी भागात पाहण्यासारखं काय असतं हो भाऊ, जंगलाशिवाय?' हे वाक्य मी एका सुशिक्षित तोंडून ऐकलं आहे. त्या तोंडाला उत्तर म्हणून एका बँकेतल्याच माणसाचं नाव सांगतो. मोतीरावण कंगाली, १९४९ ते २०१५. नोकरी नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत. आम्ही लोक सुटीच्या दिवशी एलटीसीचे हिशोब जुळवत बसतो. या गृहस्थांनी गोंडी भाषेवर आणि गोंडी पुनेम दर्शनावर ग्रंथ लिहिले. सिंधू लिपीसुद्धा गोंडीतून वाचून दाखवली. तज्ज्ञांना ती मान्य होवो न होवो, पण सुटीत करायचं काम म्हणून कल्पना केवढी! कचारगडची यात्रा १९८०च्या दशकात ज्या मूठभर मंडळींनी उभी केली त्यांत ते होते. त्यांना त्या जंगलात इतकं दिसलं, आणि आपल्याला चाळीस मिनिटांत नाश्त्याची जागा!

यावर ठरलेला बचाव येतो : 'यात्रेतही कचरा होतोच की.' होत असेल. लग्नघरी मांडवात पत्रावळी पडतात, म्हणून शेजाऱ्यानं रोज आपलं उष्टं तिथे आणून टाकायचं? कचारगड या नावात कचरा ऐकू येतो तो फक्त आपल्या कानांना.

'म्हणजे आम्ही जायचंच नाही?' जा ना. जरूर जा. सासुरवाडीला जातो तसे जा. आवाज बेतानं, हात आपल्यापाशी, आणि घरच्यांनी सांगितल्याशिवाय आत न शिरता. धनेगावातला एखादा माणूस सोबत घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. तो कथा सांगेल तेव्हा मधे 'म्हणजे आपल्या अमुक देवासारखंच' असं म्हणून त्याचा देव आपल्या खात्यात वळता करून घेऊ नका. डबा धनेगावात खा. प्लास्टिक घरी आणा. आणि त्याच वाटेनं परत या. उतरताना दरी दुसऱ्या बाजूनं दिसते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

हे सगळं मी आमच्या त्या कार्यक्रमवाल्या सहकाऱ्यांना एकदा सविस्तर ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कागद काढला, गुहेच्या चाळीस मिनिटांची पन्नास केली आणि विचारलं, "चपला काढायच्या झाल्या तर तिथे टोकन मिळतं का?"