इमारतीची वीज ‘क्लाऊड’ मोजेल. नोंदी वाचणार कोण?

बडनेरा, प्रतिनिधी

मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात अकोला जिल्ह्यात उन्हामुळे कलम १४४ लागू करावे लागले. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. आस्थापनांनी कामगारांसाठी पिण्याच्या पाण्याची व पंख्यांची सोय करावी, भर दुपारी खासगी शिकवण्या घेऊ नयेत, असे त्या आदेशाचे स्वरूप होते. अकोल्याहून रेल्वेने नागपूरकडे निघाल्यावर लागणाऱ्या बडनेऱ्यातही उन्हाळा याहून फारसा सौम्य नसतो. वऱ्हाडात मार्च ते जून या काळात इमारत थंड ठेवणे ही आता चैन राहिलेली नाही. रुग्णालय, महाविद्यालय, बँक, शासकीय कार्यालय या साऱ्यांना त्यासाठी वीज लागते आणि तिचा हिशेब महिन्याअखेरीस एका देयकाच्या रूपाने हाती पडतो.

या देयकातील किती वीज कामी आली आणि किती वाया गेली, हे मात्र देयकावरून कळत नाही. ते सांगू शकणारे तंत्रज्ञान गेल्या काही वर्षांत बाजारात आले आहे. इमारतीतील वीज, पाणी, तापमान यांच्या नोंदी सतत गोळा करायच्या, इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे पाठवायच्या आणि त्यांच्या विश्लेषणातून गळती शोधायची, असे हे तंत्र आहे. पुण्या-मुंबईच्या माहिती तंत्रज्ञान संकुलांत ते परिचयाचे झाले आहे. बडनेरा-अमरावतीसारख्या शहरांना त्याचा उपयोग किती, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर यंत्रांपेक्षा व्यवस्थेवर अधिक अवलंबून आहे.

धाब्याच्या घरापासून काचेच्या इमारतीपर्यंत

वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांना वीज नव्हती, तरी ती उन्हाळ्यात राहण्याजोगी असत. जाड मातीच्या भिंती, मातीचेच छप्पर आणि लहान झरोके यांमुळे दुपारचे ऊन आत पोहोचायला संध्याकाळ होत असे. इंग्रजी अमदानीतील दगडी बंगल्यांत उंच छत आणि रुंद व्हरांडे हेच काम करीत. पुढे सिमेंटचा स्लॅब आला, त्यापाठोपाठ काचेचा दर्शनी भाग आला. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता आत सोडतो. आता ही उष्णता बाहेर काढण्याचे काम यंत्राकडे आहे. वाळ्याचा कूलर कोरड्या हवेत हे काम थोड्या विजेत करतो; वातानुकूलन यंत्राला त्याच्या कितीतरी पट वीज लागते.

यंत्र आले की त्याच्यावर लक्ष ठेवणेही आले. एक साधा हिशेब मांडून पाहता येईल. एखाद्या कार्यालयात दीड टनांची २० वातानुकूलन यंत्रे आहेत आणि कर्मचारी गेल्यानंतरही ती रोज दोन तास सुरू राहतात, असे समजू. प्रत्येक यंत्र तासाला सरासरी एक युनिट वीज घेते असे धरले, तर दिवसाला ४० आणि महिन्याच्या २५ दिवसांत १,००० युनिट वाया जातात. युनिटमागे १० रुपये धरले, तर ही रक्कम महिन्याला १० हजार रुपये होते. देयकात ती वेगळी दिसत नाही. एकूण आकड्यात मिसळून जाते. ‘यंदा ऊन जास्त होते’ एवढ्या स्पष्टीकरणावर देयक मंजूर होते आणि पुढच्या महिन्यात तेच घडते.

‘क्लाऊड’ म्हणजे नेमके काय?

या तंत्राची पहिली पायरी म्हणजे मोजणी. इमारतीच्या मुख्य मीटरशिवाय प्रत्येक मजल्याला, वातानुकूलनाला, पाण्याच्या पंपाला आणि लिफ्टला स्वतंत्र उपमीटर बसवले जातात. खोल्यांचे तापमान व आर्द्रता टिपणारे सेन्सर लावले जातात. या नोंदी दर काही मिनिटांनी एका छोट्या उपकरणात जमा होतात आणि तेथून इंटरनेटमार्गे ‘क्लाऊड’कडे जातात.

क्लाऊड हा शब्द आकाशातला असला, तरी त्यामागची यंत्रे जमिनीवरच असतात. मोठ्या कंपन्यांच्या संगणक केंद्रांतील जागा आणि गणनशक्ती लागेल तेवढी भाड्याने घेणे, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतातील अशी सेवा सुरू केली तेव्हा पुणे हे तिचे एक केंद्र होते. ॲमेझॉनची मुंबईतील सेवा २०१६ मध्ये, तर गुगलची २०१७ मध्ये सुरू झाली. त्यामुळे बडनेऱ्यातील एखाद्या महाविद्यालयाला स्वतःचा महागडा संगणक कक्ष न उभारताही हे विश्लेषण परवडू शकते. एका इमारतीसाठी जे महाग पडते, तेच अनेक इमारती एकत्र जोडल्यास स्वस्त होते, हा या पद्धतीचा आर्थिक पाया आहे.

नोंदी जमल्या की संगणक तुलना करू लागतो. कालच्या आणि आजच्या तापमानात फरक नसताना वीज का वाढली? सुटीच्या दिवशी भार शून्याजवळ का आला नाही? टाकी भरण्यास दोन तास पुरत असताना पंप चार तास का चालला? एखादे यंत्र पूर्वीइतकीच वीज घेऊन कमी गारवा का देत आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडात बहुधा बाहेरच्या यंत्रावर साचलेल्या धुळीत सापडेल. कोणत्याही जाणत्या वायरमनला हे कळते. पण तो एका वेळी एकाच इमारतीत उभा असतो. संगणक शंभर इमारतींवर रात्रंदिवस नजर ठेवू शकतो.

जगातला आणि मुंबईतला अनुभव

अमेरिकेतील रेडमंड येथील मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयाचे उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिले जाते. तेथील १२५ इमारतींमधील सुमारे ३० हजार सेन्सर एका प्रणालीत जोडले गेले आणि २०१३ मध्ये कंपनीने त्याची माहिती प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे ५० कोटी नोंदी तेथे जमा होत होत्या. प्रणाली सुरू होताच आढळलेल्या दोषांपैकी एक फार बोलका होता. एका इमारतीच्या वाहनतळातील हवा बाहेर फेकणारे पंखे चुकून वर्षभर सुरू राहिले होते आणि त्यात सुमारे ६६ हजार डॉलरची वीज वाया गेली होती. जगातील अग्रगण्य संगणक कंपनीच्या स्वतःच्या आवारात हे वर्षभर कोणाच्या लक्षात आले नव्हते. गुगलने २०१६ मध्ये आपल्या संगणक केंद्रांतील थंडाव्यासाठी लागणारी वीज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने ४० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे जाहीर केले.

महाराष्ट्रात मुंबईच्या गोदरेज भवनचे उदाहरण अधिक जवळचे आहे. १९७२ मध्ये बांधलेल्या या इमारतीची वातानुकूलन यंत्रणा, प्रकाशयोजना व नियंत्रण व्यवस्था २०१० मध्ये बदलण्यात आली. तिच्या प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार खर्च पाच वर्षांच्या आत वसूल होणारा होता. जुनी इमारत न पाडताही सुधारता येते, हा त्यातला धडा अमरावतीसारख्या शहरासाठी मोलाचा आहे. मात्र या सर्व ठिकाणी इमारतीचा मालक, वापरकर्ता आणि देयक भरणारा एकच होता, हे विसरता येत नाही.

जे मीटरमध्ये आधीच आहे

नवे सेन्सर घेण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांच्या मीटरमध्ये १५ किंवा ३० मिनिटांच्या अंतराने विजेच्या भाराची नोंद आजही होत असते. ती पाहिली तर रात्री दोन वाजता बंद इमारत किती वीज घेत होती, हे एकही रुपया न खर्चता कळू शकते.

देयकाच्या रचनेमुळे या नोंदीचे महत्त्व वाढले आहे. उच्चदाब ग्राहकांना वापरलेल्या युनिटशिवाय कमाल मागणीचा आकार भरावा लागतो. उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी सर्व यंत्रे एकाच वेळी सुरू झाल्याने चढलेली मागणी पुढील महिन्यांच्या आकारणीतही डोकावू शकते. एप्रिल २०२० पासून या ग्राहकांची आकारणी केव्हीएएच पद्धतीने होऊ लागल्याने खराब पॉवर फॅक्टरचा भुर्दंड थेट देयकात उतरतो. त्यातच केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी ‘टाइम ऑफ डे’ दरांची व्याप्ती वाढवली. सौर तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांसाठी गर्दीच्या वेळचा दर किमान १.२ पट असावा, असे हे नियम सांगतात. म्हणजे पाण्याची टाकी दुपारी भरावी की सायंकाळी, याचेही आता मोल आहे. हा निर्णय चौकीदाराच्या सवयीवर सोडणे संस्थेला परवडणारे नाही.

तीन टेबलांचे दुखणे

खरी अडचण सार्वजनिक इमारतींची आहे. शासकीय इमारतीतील वीजयंत्रणेची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाची विद्युत शाखा करते, इमारत वापरते ते दुसरे खाते आणि देयक भरले जाते ते तिसऱ्या टेबलावरून मंजूर झालेल्या अनुदानातून. वीज वाचवली तर बचत कोणाची, याचे उत्तर या साखळीत सापडत नाही. उलट अनुदान शिल्लक राहिले, तर पुढील वर्षी तेवढेच कमी मिळेल, ही भीती कार्यालयप्रमुखाच्या मनात असते. अशा ठिकाणी संगणकाने पडद्यावर लाल दिवा लावून ‘तिसऱ्या मजल्यावरील यंत्र रात्रभर सुरू आहे’ असे कळवले, तरी ते बंद करण्याचा अधिकार आणि ते बंद करण्यातला लाभ एका हाती नसतो.

कायद्यांची उणीव नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखालील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ पासूनचा आणि इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता २००७ पासूनची. २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणी असलेल्या कार्यालयीन व निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणल्या आणि ही मर्यादा आणखी खाली आणण्याची मुभा राज्यांना दिली. केंद्राच्या ईईएसएल कंपनीने २०१७ पासून सरकारी इमारतींसाठी कार्यक्रम राबवला. महाराष्ट्राचा सार्वजनिक बांधकाम विभागही त्यात सहभागी झाला. मात्र भर राहिला तो मुख्यतः एलईडी दिवे, पंखे व वातानुकूलन यंत्रे बदलण्यावर. जुने यंत्र काढून नवे लावले आणि ते रिकाम्या खोलीत सुरू राहिले, तर फक्त अपव्ययाचा वेग कमी होतो.

विश्वासाचा प्रश्न

नोंदींचा वापर वाढला की शंकाही वाढतात आणि त्या अनाठायी नाहीत. अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीवर २०१३ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात चोरट्यांनी वातानुकूलनाचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या प्रवेशपत्राचा वापर केला आणि सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती लांबवली. इमारतीचे पंखे सांभाळणारी प्रणाली आणि तिजोरीची किल्ली एकाच जाळ्यात ठेवू नये, हा त्याचा धडा. इंटरनेट खंडित झाले तरी इमारत स्थानिक नियंत्रणावर चालली पाहिजे, ही अट रुग्णालयांच्या बाबतीत तर प्राणाशी निगडित आहे. कंत्राट संपल्यावर जुन्या नोंदी संस्थेच्या ताब्यात राहतील काय, हेही करारात आधीच लिहून घ्यावे लागेल.

राज्यात स्मार्ट प्रीपेड मीटरला झालेला विरोध ताजा आहे. सामान्य ग्राहकांकडे असे मीटर बसवले जाणार नाहीत, असे सरकारला जून २०२४ मध्ये जाहीर करावे लागले. मोजणीचा फायदा फक्त मोजणाऱ्यालाच होणार, अशी भावना झाली की उत्तम यंत्रही नकोसे होते. सार्वजनिक इमारतींची मासिक वीज आणि प्रति चौरस मीटर वापर दर्शनी भागात लावला, तर हा अविश्वास काही अंशी दूर होऊ शकेल.

बडनेऱ्याला काय करता येईल?

या परिसरात नव्या इमारती उभ्या राहत आहेत. बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. बांधकामाच्या वेळीच उपमीटर बसवणे स्वस्त पडते. भिंती फोडून नंतर बसवणे महाग पडते. स्थानिक नियोजन यंत्रणेने ही अट आताच घालण्यात शहाणपण आहे.

मनुष्यबळासाठीही दूर जावे लागणार नाही. बडनेऱ्यात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. माहिती विश्लेषण शिकलेले येथील तरुण नोकरीसाठी हिंजवडीची वाट धरतात आणि तेथे परदेशातील इमारतींच्या नोंदी वाचतात. त्याच तरुणांच्या हाती अमरावतीतील दहा सार्वजनिक इमारतींच्या मीटरमधील वर्षभराच्या नोंदी दिल्या, तर पहिले विश्लेषण एका शैक्षणिक वर्षात पूर्ण होऊ शकते. त्यासाठी निविदा लागत नाही. महावितरण, बांधकाम विभाग आणि महाविद्यालय यांच्यातील एक पत्रव्यवहार पुरेसा आहे.

त्यानंतरचा निर्णय प्रशासनाचा आहे. वाचलेल्या रकमेतील ठरावीक वाटा त्याच इमारतीच्या दुरुस्तीसाठी राहील आणि दोष दुरुस्त करण्याचा अधिकार एका अधिकाऱ्याकडे असेल, एवढे दोन आदेश निघाले, तर क्लाऊडवरील विश्लेषणावर केलेला खर्च सार्थकी लागेल. ते निघाले नाहीत, तर आज फायलीत पडून असलेले देयक उद्या संगणकाच्या पडद्यावर पडून राहील. एखाद्या रुग्णालयात महिन्याला वाचणारे १० हजार रुपये म्हणजे तेथील उन्हाळ्यात बंद पडलेल्या कूलरांची दुरुस्ती आहे. ती रक्कम किती वाजता वाया जाते, याची नोंद मीटरमध्ये आजही होत आहे.