पांघरूण वर, थंडी खालून

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतला एक तरुण गेल्या जानेवारीत मित्रांबरोबर गगनबावड्याच्या बाजूला मुक्कामाला गेला होता. तंबूऐवजी त्याने हॅमॉक नेला होता, म्हणजे दोन झाडांना बांधायची कापडी झोळी. परत आल्यावर मिरजकर तिकटीला मला गाठून म्हणाला, "डॉक्टरकाका, अंगावर दोन ब्लँकेटं होती, तरी रात्रभर पाठ गारठली. हुडहुडी थांबेना. ताप आहे का बघा." ताप नव्हता. त्याच्या आज्जीने निदान आधीच करून ठेवले होते, "वर कितीबी घे की, खाली काय हातरलं हुतंस?"

आज्जीचा प्रश्न अगदी शास्त्रीय आहे. वाकळ किंवा ब्लँकेट स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब आपल्या शरीराची असते. पांघरुणाच्या थरांत अडकलेली हवा तिला बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. तीच वाकळ अंगाखाली आली की वजनाने दबते, हवा निघून जाते आणि तिची राखण कमी होते. जमिनीवर झोपलो तर पाठीची उष्णता मातीत उतरते. झोळीत तर खालून वारा वाहत असतो आणि पातळ कापडाआडची ऊब तो सतत पळवतो. म्हणून थंडीत झोळीत झोपणारे परदेशी भटके 'अंडरक्विल्ट' वापरतात. ही रजई झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगलेली असते. तिच्यावर वजन पडत नाही, त्यामुळे ती फुगलेली राहते.

आपल्याला त्यासाठी महागडे सामान नको. झोळीत फोमची चटई घालावी. तिच्यासोबत एखादी जाड वाकळ झोळीच्या खालून, फट राहणार नाही अशी बांधली तर आणखी चांगले. दवाची जागा असेल तर घोंगडे घ्यावे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओल्या सुती कपड्यांत झोपणे सर्वांत वाईट. लोकर ओलसर झाली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते. आणखी दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. बंद तंबूत शेगडी ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि झोपेतला माणूस त्यातून उठतच नाही. दुसरी गोष्ट दारू. तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटते, पण आतली उष्णता उलट वेगाने बाहेर जाते.

हौशी भटक्याची एक रात्र वाईट जाते आणि दुसऱ्या दिवशी तो घरी येतो. मला काळजी आहे ती दुसऱ्या झोळीची.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कुटुंबे आपल्या जिल्ह्यात येतात. उघड्या माळावर कोप्या उभ्या राहतात. तान्ही बाळे जुन्या लुगड्याच्या झोळीत असतात. आई पहाटेच्या अंधारात फडात जाते, तेव्हा बाळाच्या पाठीखाली एका कापडाची जाडी असते आणि त्याखाली माळावरचा वारा.

काही वर्षांपूर्वी असेच एक तीन आठवड्यांचे बाळ सकाळी आमच्याकडे आले. दूध ओढत नव्हते, रडणे क्षीण होते. अंगावर नवेकोरे ब्लँकेट होते, कुणीतरी वाटलेले. ते काढले तर पाठ आणि तळपाय गार. तापमान ३५ अंश सेल्सिअसच्याही खाली. तान्ह्या बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असायला हवे. बाळाला आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवले, डोक्याला टोपी घातली, उपचार सुरू केले. बाळ वाचले. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पांघरूण तर घातलं होतं, साहेब." तिची काहीच चूक नव्हती. तिला पांघरूण मिळाले होते, अंथरूण मिळाले नव्हते.

"या लोकांना सवय असते," असे वाक्य नेहमी कानावर येते. मोठ्यांचे सोडा, तीन आठवड्यांच्या बाळाला कसली सवय? नवजात बाळाला मोठ्यांसारखे कुडकुडताही येत नाही. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, त्यामुळे ते आपल्यापेक्षा लवकर थंड होते आणि गुपचूप थंड होते. म्हणून पोटाला आणि तळपायाला हात लावून पाहावे. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार पण पाय गार असतील तर लगेच छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखाना गाठावा. ऊब हवी म्हणून बाळावर जड वाकळ टाकू नये, तोंड झाकले की श्वास अडतो. झोळीत मान छातीकडे वाकते, म्हणून लहान बाळाला रात्री सपाट जागी, पाठीवर आणि खाली जाड अंथरूण घालून निजवणे उत्तम.

डिसेंबर आला की ब्लँकेटवाटपाचे कार्यक्रम होतात. हेतू चांगलाच असतो. पण फोटोत पांघरूण दिसते, अंथरूण दिसत नाही, म्हणून आपण तेच वाटत राहतो. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक ब्लँकेटबरोबर एक जाड चटई आणि प्रत्येक कोपीला एक ताडपत्री द्या. फडात कोरडे पाचट फुकट मिळते. ते पोत्यांत भरून ताडपत्रीवर, चुलीपासून लांब अंथरले आणि वर वाकळ घातली तर जमिनीचा गारठा बराच अडतो. तान्ह्या बाळासाठी टोपी, मोजे आणि एक मऊ वाकळ द्या. साखर कारखाने आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ यांना हा खर्च जड नाही.

खरा उपाय पक्का निवारा आणि कामाच्या ठिकाणी पाळणाघर हाच आहे, आणि ती मागणी सोडता कामा नये. पण थंडी पुढच्या हंगामाची वाट पाहत नाही. पेठेत घरोघरी माळ्यावर आज्जींनी शिवलेल्या वाकळी पडून आहेत. त्या धुऊन, उन्हात वाळवून यंदा फडावर द्या. आणि देताना सांगा, ही अंगावर घ्यायची नाही, खाली अंथरायची.