दांडा एक, कामं दोन

उल्हासनगरच्या पत्त्यातला ‘कॅम्प १’ दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीचा. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांनी संसार मांडले. जुनं सावरून वापरण्यावरचा हा अंक म्हणूनच इथून सुरू होतो.

छावणीसारख्याच जुन्या गाड्याही सावरल्या जातात. म्हैसूरचा आयडियल जावा मोटारसायकल कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तरी जुलैच्या दुसऱ्या रविवारी, आंतरराष्ट्रीय जावा दिनी, जुन्या जावा-येझदी धूर सोडत जमतात. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो, हे मुरलेले काका दाखवतात. सुटे भाग मोबाइलवर हुडकतो कॉलेजातला पोरगा.

या गाड्यांसारखंच चेनसॉचं इंजिनही बहुधा टू-स्ट्रोकच. त्यामुळे गाडी असो वा करवत, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, यावर काका आणि पोरगा यांची जुंपतेच.