नाकाने द्राक्षे सोलणारे

माणसानं वाईन खुशाल प्यावी. पिऊन झाल्यावर मात्र आपल्या भाषेत बोलावं, एवढंच माझं म्हणणं आहे. हे म्हणणारा मी बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम., त्यातून चुडाव्याचा. पूर्णा आणि नांदेड यांच्या मधलं हे स्टेशन. इथे द्राक्ष भेटतं ते हातगाडीवर. पण जीभ देवानं सगळ्यांनाच एकेक दिलीय, आणि माझी वीस वर्षं काउंटरवर बसूनही शाबूत आहे.

आमचे मेव्हणे नाशिकला असतात. त्यांनी आग्रह केला म्हणून गेलो. (वाईन चाखायला, आणि तेही 'तपोवन'नं!) गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका मळ्यात आम्हाला ओळीनं उभं केलं. पुढे पेले, प्रत्येकात तळ ओला होईल एवढी वाईन. एका टायवाल्या पोरानं विधी सांगितला : आधी पेला फिरवा, मग हुंगा, मग घोट तोंडात घोळवा, आणि हवं तर थुंका. थुंकायला चकचकीत भांडं होतं. आमच्या शाखेत 'येथे थुंकू नये' असं तीन भाषांत लिहिलंय, तरी लोक फुकट थुंकतात. इथे त्याचे पैसे भरून आलो होतो.

पहिली पांढरी, सोव्हिन्याँ ब्लाँ. "गूजबेरी जाणवतेय का सर?" पोरानं विचारलं. मी जन्मात गूजबेरी पाहिलेली नाही. त्यानंही पाहिली नसावी. तो निफाडचा होता. मला आधी धुऱ्यावरचं ताजं कापलेलं गवत जाणवलं आणि पाठोपाठ कच्ची कैरी, देठाशी चीक असलेली. तसं मोठ्यानं म्हणालो, तर मेव्हण्यांनी माझा पाय दाबला. आता गंमत ऐका. याच वाईनच्या वासाला इंग्रज जाणकार मांजराच्या मुताची उपमा देतात, आणि ती तक्रार नसते! जर्मनीची जुनी रीसलिंग चांगली मुरली की तिला पेट्रोलचा वास येतो म्हणतात. साहेबाचं मूत आणि पेट्रोल चालतं. आमची कैरी तेवढी गावंढळ.

दुसरी पांढरी, शेनाँ ब्लाँ. पिकलेला पेरू, कडेनं थोडा मध. गोड स्वभावाची; तिच्याबद्दल अधिक बोलण्यासारखं नाही.

लालशी माझं बरं जमलं. द्राक्षाच्या साली रसाबरोबर आंबू दिल्या की लाल वाईन होते आणि आधीच वेगळ्या केल्या की पांढरी. त्यामुळे काळ्या द्राक्षाचीही पांढरी निघते. सालींतून आणि बियांतून जो तुरटपणा उतरतो त्याला ते टॅनिन म्हणतात. ते चहात असतं, जांभळात असतं आणि बाभळीच्या सालीतही असतं. त्या सालीनं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावलं. "शिराझमध्ये लेदर येतं," असं ते पोरगं म्हणालं तेव्हा मला ढोरवाड्याच्या कुंडातली बाभूळ आठवली. पण ती सांगायची सोय नव्हती, कारण लेदर म्हटलं की सोफा आठवतो आणि कातडं म्हटलं की जात.

शिराझची एक बाटली गावी आणली. मामांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "जांभळाचा काढा लागालाय बघ. साखर घालायची राह्यली का रं?" एवढं नेमकं परीक्षण नाशिकला कुणी केलं नव्हतं.

अकलूजची सांजोवेझे ही मूळची इटलीतल्या टस्कनीची, आता सोलापूर जिल्ह्यात नांदायला आलेली. आमसुलाच्या सारासारखी आंबट, आणि जेवणाबरोबर घ्यायची तर हीच. शेवटी भाच्यानं फ्रान्सहून आणलेली बोर्डो. तिच्यात म्हणे पेन्सिलीच्या छिलक्याचा गंध असतो. हा मात्र मी डोळे झाकून ओळखला. लेजर टॅली होईना की कारकून काय चघळतो?

आता कुणी म्हणेल, शब्दांवरून एवढं भांडण कशाला? कारण शब्दांवर भाव ठरतो. जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. पुढे विरोध झाला आणि तो अंमलात आला नाही. पण त्या गदारोळात 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे सुभाषित घरोघर पोचलं. आम्ही कारकून, आम्ही हिशेब करतो. ७५० मिलीची बाटली, १३ टक्के अल्कोहोल. म्हणजे साडेसत्त्याण्णव मिली. व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर, ४२.८ टक्के, म्हणजे सत्त्याहत्तर. जी दारू नव्हे तिच्या बाटलीत क्वार्टरपेक्षा वीस मिली जास्त निघतात! ही तफावत कुठल्या खात्यात टाकायची? 'गूजबेरी' खात्यात.

त्याच वर्षी मोहाची फुलं आणि काजूची बोंडं यांपासून होणाऱ्या दारूला 'विदेशी मद्या'चा दर्जा द्यायचं मंत्रिमंडळानं ठरवलं. मोह आपल्या जंगलातला, फूल आपलं, वेचणारे हात आपले. अब्रू मिळवायला मात्र त्याला विदेशी व्हावं लागलं. मोहाच्या वासाला फ्रेंच शब्द सापडला की त्याचीही बाटली आडवी ठेवतील.

मळ्यातल्या पोरानं आम्हाला 'तेर्वार' हा शब्दही शिकवला. म्हणजे माती, पाणी, हवा, जी पेल्यात उतरते. गंगापूर धरणातून सुटलेली गोदावरीच पुढे आमच्या दक्षिणेकडून वाहते. नाशिकला तिच्या काठच्या मातीला तेर्वार म्हणतात. आमच्याकडे तिच्या काठच्या मातीला सातबारा म्हणतात, आणि त्यावर बोजा असतो. तो चढवायची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून सांगतो.

तेव्हा मळेवाल्यांनी बाटलीच्या पाठीवर सरळ छापावं : चिकाची कैरी, जांभूळ, बाभळीची साल, कवठ. बोर्डोच्या पाहुण्यानं खुशाल विचारावं, कवठ म्हणजे काय? मी त्याला चुडाव्याला बोलावून गूळ घालून वाटलेली कवठाची चटणी वाढीन. थुंकायला भांडं मात्र मिळणार नाही.