बांधकामाचे नियम ठरवताना कारखानदाराचाही मशवरा घ्या

18 मे 2025 रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठजण दगावले. त्यात मालक, त्यांच्या घरची माणसे आणि कामगार होते. लहान मूलही होते. अल्लाह मरहूमांची मगफिरत करो. कारखाना आणि राहते घर एकाच ठिकाणी होते. सोलापुरात यात नवल काही नाही. खाली माग, वर घर, जिन्याखाली सुताची पोती, ही आपल्या धंद्याची जुनी रीत आहे.

त्या आगीनंतर मी माझे गोडाऊन नीट पाहिले. मागच्या दारासमोर चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. ते दार शेवटचे कधी उघडले, हे हमालालाही आठवेना. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझाच. ही कबुली आधी देतो आणि मग मुद्द्यावर येतो.

इमारतीला दारे किती आणि जिना किती रुंद, याचा मूळ मसुदा जाणकारांचा असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेची पहिली आवृत्ती 1970 ची. 2016 च्या आवृत्तीचा चौथा भाग आगीपासून बचावाचा आहे. पण संहिता हा सल्ला आहे. राज्याने किंवा स्थानिक संस्थेने आपल्या नियमात घेतला, तरच तो बंधनकारक होतो. आपल्या राज्याचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा तिचाच आधार घेतो. महापालिका हद्दीतील बांधकामाला डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली एकत्रित नियमावली लागते, तर एमआयडीसीत एमआयडीसीची स्वतःची. शहर एक, पुस्तके दोन.

जाणकार हवेतच. पण त्यांचे पुस्तकही जमिनीवरच्या अनुभवाने दुरुस्त होते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 साली नकाशा बदलला आणि तो पट्टाच रद्द झाला. माणसे गेल्यावर शहाणपण आले. आपल्याला ते आधी हवे आहे.

संहितेत निवास हा एक गट, उद्योग दुसरा, साठवण तिसरा. आपल्याकडे तिन्ही एका छताखाली नांदतात. इंजिनिअर साहेबांना भिंत आणि कॉलम कळतो. पण वायरीवर कापसाची धूळ किती बसते, रात्रपाळीचा कामगार कुठे झोपतो, चोरीच्या भीतीने कोणत्या दाराला कुलूप लागते, हे कारखानदार आणि कामगारच सांगू शकतो. ते न विचारता केलेला नियम कागदावरच राहतो. दर जानेवारी आणि जुलैत आगीच्या यंत्रणेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. जागा न पाहताच ते आणून देणारा मध्यस्थ मलाही भेटला आहे. असा कागद आग विझवत नाही.

म्हणून माझी मागणी अशी: महापालिका आणि एमआयडीसीने मिळून घर-कारखान्यांसाठी एक तांत्रिक सल्लागार समिती नेमावी. तीत अग्निशमन अधिकारी, बांधकामाचा आणि विजेचा इंजिनिअर, एक लहान कारखानदार आणि एक कामगार असावा. आगीची उपकरणे विकणाऱ्याला तीत जागा नको. समितीने सल्ला लेखी द्यावा, तो मराठीत जाहीर व्हावा. प्रशासनाने सल्ला नाकारला तर कारणही लिहावे.

कोणी म्हणेल, व्यापारी आत बसले की नियम ढिले करतील. शंका रास्त आहे. म्हणूनच निर्णय प्रशासनाचा राहू द्या, आपला फक्त मशवरा. दुसऱ्या बाहेर पडण्याच्या वाटेवर तर सौदाच नको. ती वाट लहान जागेत कशी काढायची, खर्च हप्त्याने कसा सोसायचा, एवढेच बोलायचे आहे.

शिवाय एक खिडकी आजही उघडी आहे. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार नियमात बदल करताना हरकती व सूचना मागवाव्या लागतात. शहराच्या विकास आराखड्यावरच्या हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत तर स्थायी समितीच्या तीन सदस्यांबरोबर बाहेरचे चारपर्यंत जाणकार घेता येतात. आपण काय करतो? नोटीस छापून येते, मुदत निघून जाते, नियम लागू झाला की वशिला शोधत फिरतो. आपल्या संघटनांनी दोन सुशिक्षित तरुणांना एवढेच काम द्यावे, की नोटीस वाचायची आणि मुदतीत लेखी हरकत द्यायची.

उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, हे आपण लहानपणीच शिकलो. समिती होईल तेव्हा होईल. तोवर या जुम्याला नमाजहून परतताना आपल्या कारखान्याचे मागचे दार उघडून पाहा. माझ्या गोडाऊनमधले गठ्ठे मी हलवले आहेत.