नवा लॅपटॉप खराब निघाला तर?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलगी शेगावला इंजिनिअरिंगला असो, मुलगा खामगावच्या पॉलिटेक्निकला असो, की घरची सून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत असो, त्यांचे काम त्यावर चालते. पण तो घरात येतो तेव्हा त्यामागे साऱ्या घराची काटकसर असते. सोयाबीन सोंगणीची मजुरी, बचत गटाचे कर्ज, कधी आईच्या कानातले. असा लॅपटॉप चार दिवसांत बंद पडला, तर त्या घरावर काय गुदरते हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अशा वेळी आपली माणसे दोन गोष्टी करताना आम्ही पाहतो. काही जण "आपलंच नशीब" म्हणून गप्प बसतात आणि पदरचे पैसे घालून दुरुस्ती करतात. काही जण दुकानात जाऊन आरडाओरड करतात आणि रिकाम्या हाताने परततात. दोघांचेही नुकसानच होते. आमचे सांगणे असे की, आपण रोख मोजून माल घेतला आहे, कोणाचे उपकार घेतलेले नाहीत. तेव्हा हात जोडायचे कारण नाही आणि भांडायचेही कारण नाही. हातात कागद असावा आणि मागणी लेखी असावी.

दुकानात काय ऐकायला मिळते ते ठरलेले आहे. "काऊन भाऊ, नेला तवा तं चालू होता ना?" मग, "आमच्याकडे काही नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या." तरीही ग्राहक उभाच राहिला, तर बिलाच्या तळाची ओळ दाखवली जाते : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती छापील ओळ पाहून आपला माणूस खचतो. छापलेले आहे म्हणजे कायदाच असणार, असे त्याला वाटते.

तसे मुळीच नाही. १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे. दोष असलेला माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणे, ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढी मुदत, लिहिली नसेल तर तीस दिवस. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. माल ऑनलाइन मागवला असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. वस्तू सदोष किंवा नकली निघाली, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली, तर विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कायदा दोषासाठी आहे. रंग आवडला नाही, शेजारी स्वस्त मिळाला, हातातून पडला, वर चहा सांडला, यासाठी तो नाही. तसेच प्रत्येक दोषाला नवी वस्तूच मिळेल असेही नाही. २००६ साली मारुती गाडीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर सरसकट नवी गाडी मागता येणार नाही. म्हणून आपली मागणी नेमकी हवी. पहिल्या दिवसापासून चालतच नसेल किंवा तोच दोष पुन्हा पुन्हा येत असेल, तर बदलून मागा किंवा पैसे मागा. एखादे बटण चालत नसेल तर फुकट दुरुस्ती मागा.

यासाठी खबरदारी दुकानातच सुरू होते. "कच्चं बिल घ्या, जीएसटी वाचेल" असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे आणि छापील कमाल किमतीत तो धरलेलाच असतो. कच्च्या चिठ्ठीवर पुढे दाद मागणे फार अवघड जाते. पक्क्या बिलावर तारीख, कंपनी, मॉडेल, रॅम आणि अनुक्रमांक लिहून घ्या. हा क्रमांक खोक्यावर आणि लॅपटॉपच्या खालच्या बाजूला असतो. तिन्ही ठिकाणी एकच आहे ना, हे जुळवून पाहा. खोके दुकानातच उघडा. ऑनलाइन मागवले असेल तर उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा.

घरी आल्यावर कपाटात ठेवू नका. पहिल्या आठवड्यातच सगळे तपासा. सगळी बटणे, पडद्यावरचे डाग, कॅमेरा, आवाज, वाय-फाय, चार्जर, बॅटरी किती वेळ टिकते, तापतो का, हे पाहा. पुष्कळ कंपन्या पहिल्या काही दिवसांतच वस्तू बदलून देतात. ते दिवस निघून गेले की फक्त दुरुस्ती उरते. खोके आणि आतले थर्माकोलही तोवर फेकू नका. आणि दोष दिसला तर गल्लीतल्या ओळखीच्या मेकॅनिककडून लॅपटॉप उघडून घेऊ नका. "तुम्हीच खोलला" असे म्हणायला मग कंपनीला कारण मिळते.

दोष दिसला त्याच दिवशी फोटो काढा आणि दुकानाला लेखी कळवा. पत्र असे असावे : "मी दिनांक अमुक रोजी आपल्या दुकानातून बिल क्रमांक अमुकने तमुक कंपनीचा लॅपटॉप इतक्या रुपयांस घेतला. त्याचा अनुक्रमांक असा आहे. दिनांक अमुकपासून त्यात पुढील दोष आहे. तरी तो बदलून द्यावा किंवा घेतलेली किंमत परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे." दोन प्रती करा, एकीवर दुकानाचा शिक्का आणि सही घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. असेच पत्र कंपनीलाही पाठवा. तक्रार करताना दुकानदार आणि कंपनी दोघांनाही धरता येते. बोलायला शक्यतो मुलीला किंवा मुलालाच पुढे करा. वस्तू तेच वापरतात, दोषही त्यांनाच नीट सांगता येतो. वडिलांनी शेजारी उभे राहावे.

सर्व्हिस सेंटर पुष्कळदा अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला असते. तिथे जाण्यात एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून एसटीची तिकिटे टाकून देऊ नका. नुकसानभरपाई मागताना ती उपयोगी पडतात. लॅपटॉप देण्याआधी अभ्यासाचे सगळे काही पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. बिलाची झेरॉक्स द्या, अस्सल बिल घरीच ठेवा. जॉबशीटवर तारीख आणि दोष तुमच्या शब्दांत लिहिला आहे का ते पाहा. परत घेताना चालू करून पाहिल्याशिवाय "दुरुस्ती समाधानकारक" या ओळीखाली सही करू नका.

हप्त्यावर घेतला असेल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. फायनान्स कंपनीचा करार वेगळा असतो. हप्ता चुकला की दंड लागतो आणि पुढे कर्ज मिळणे अवघड होते. भांडण दुकानाशी आहे, ते तिथेच लढावे.

पत्राला उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीतही बोलता येते. पुष्कळ तक्रारी एवढ्यावरच मिटतात. नाही मिटली तर बुलढाण्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. जुनी माणसे त्याला ग्राहक मंच म्हणून ओळखतात. पूर्वी जिथे दुकान तिथेच तक्रार, अशी अडचण असे. २०१९ च्या कायद्याने ती दूर केली. माल पुण्याहून घेतलेला असो की ऑनलाइन, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही तक्रार नोंदवता येते.

बिल वडिलांच्या नावे आणि वापर मुलीचा, तरी हरकत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी फॉर्म भरण्याचे किंवा झेरॉक्सचे छोटे दुकान चालवणाराही ग्राहकच ठरतो. निकाल मात्र झटपट लागेल असे समजू नका. कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असे म्हटले आहे, प्रत्यक्षात अधिक वेळ जातो. तोवर मुलांच्या अभ्यासाची काही तरी सोय करावी लागते. म्हणूनच पहिल्या आठवड्यातले पत्र आम्ही इतके महत्त्वाचे मानतो. त्या वेळी पुष्कळदा एका कागदावर काम भागते.

वाचक बंधू-भगिनींनो, घरात एक पिशवी करा. लॅपटॉप, मोबाइल, गिरणी, शिलाई मशीन, फॅन, जे काही घ्याल त्याचे बिल आणि वॉरंटी कार्ड तिच्यात ठेवा. बिलावरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी एक झेरॉक्स काढा. आणि ती पिशवी कुठे टांगली आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या.